सशाचे केस आणि मेघकुमाराचा पाय



मेघकुमाराची कथा आपल्यातल्या कोणाला माहीत नाही? ज्ञाताधर्मकथा आगमाच्या पहिल्याच अध्ययनात ती आहे. मगधाच्या श्रेणिक राजाचा हा मुलगा दीक्षा घेतो. पहिल्याच रात्री दाराजवळ झोपावं लागतं, येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंचे पाय लागतात, अंगावर धूळ पडते, डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी घरी परत जावं असं त्याच्या मनात येतं. तेव्हा भगवान महावीर त्याला त्याचा मागचा भव सांगतात. तो हत्ती होता. जंगलाला वणवा लागला. त्याने आधीच झाडझुडूप काढून मोकळ्या केलेल्या जागेत सगळे प्राणी जीव वाचवायला दाटीवाटीने जमले. अंगाला खाज सुटली म्हणून हत्तीने एक पाय उचलला, तेवढ्यात एक ससा त्या रिकाम्या जागेत येऊन बसला. हत्तीने पाय खाली ठेवलाच नाही. वणवा विझेपर्यंत अडीच दिवस त्याने तो पाय तसाच वर धरला. ससा वाचला. हत्ती मात्र ताठरलेला पाय टेकवायला गेला आणि कोसळला.

व्याख्यानात ही कथा निघाली की बायकांच्या डोळ्यांना पदर लागतो, माझ्याही. पण अशाच एका व्याख्यानानंतर चपला घालताना एक काकीजी मला म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या सशाचं काहीतरी कर. परवा तुझ्याकडे आले तर सोफ्यावर केस, पायपुसण्यावर केस. उसात सोडून दे त्याला, अभयदानाचं पुण्य तरी लागेल."

आगमातल्या सशासाठी रडायचं आणि घरातला ससा उसात सोडायचा! आजचा लेख त्या एका वाक्याला उत्तर म्हणून आहे. काकीजी वाचतील आणि रागावतील, हे माहीत आहे. तरी लिहिते, कारण असं बोलणाऱ्या त्या एकट्या नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या घरात ससा आहे, त्या घरात केस गळायच्या दिवसांत रोज कंगवा फिरवणं हा लाड नाही, हौस नाही. ती त्या घराची अहिंसा आहे. ती न करता केलेल्या जीवदयेच्या गप्पा पोकळ आहेत.

ससा मांजरासारखा नसतो

आमच्याकडे गोटूचे केस वर्षातून दोनदा जोरात गळतात. एकदा होळी ते पाडव्याच्या सुमारास, आणि दुसऱ्यांदा पावसाळा संपता संपता, म्हणजे पर्युषण ते दसरा. आधी डोक्यावरचे, मग मानेवरचे, मग पाठीवरून मागे मागे. हात फिरवला की मूठभर कापूस हातात. दोन-तीन आठवडे, कधी महिनाही चालतं.

ससा स्वच्छ प्राणी आहे. दिवसभर स्वतःला चाटून साफ करतो. जिभेला लागलेले सुटे केस पोटात जातात. मांजरही असंच करतं, पण मांजर केसांचा गोळा ओकून टाकतं. सशाला ओकता येत नाही. त्याचं शरीरच तसं आहे. जे आत गेलं ते आतड्यातून पुढेच सरकलं पाहिजे. आतडं चालतं ठेवायला पोटभर चोथा हवा, म्हणजे वाळलेलं गवत हवं. गवत कमी पडलं, पाणी कमी पडलं, आणि त्यात केसांची भर पडली की आतडं मंदावतं. दुखायला लागतं. दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो, तोही कसला आवाज न करता. कुत्रा केकाटतो, मांजर ओरडतं, ससा कोपऱ्यात अंग चोरून बसतो. बघणाऱ्याला वाटतं, किती शांत आहे!

माझी चूक

हे मला पुस्तकातून नाही, माझ्या चुकीतून कळलं.

गोटू आमच्याकडे आला त्या वर्षी मी अठाई केली होती. सहावा उपवास. घरी पाहुण्यांची ये-जा, सगळे विचारतात, "साता आहे ना?" गोटूचे केस गळत होते, पण बघायला वेळ कोणाला? येता-जाता मुलं त्याला बिस्किटं देत होती, कोणी भात घालत होतं. त्या दिवशी सकाळपासून त्याने काहीच खाल्लं नव्हतं. एक पाहुणी कौतुकाने म्हणाली, "बघा, या घरात ससासुद्धा तपस्या करतोय. किती पुण्यवान जीव!"

सगळे हसले. मीही हसले.

संध्याकाळी सासूबाईंच्या लक्षात आलं की त्याच्या जागेवर लेंडीसुद्धा नाही. सकाळच्या दोन-चार होत्या, बारीक, आणि माळेतल्या मण्यांसारख्या केसांनी एकमेकींना जोडलेल्या. गावात जनावरांचे डॉक्टर आहेत, पण त्यांचा हात गाई-म्हशींवर बसलेला. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पुण्याला न्या. खुटबाव स्टेशनवरून गाडी धरली. मी, हे, आणि टोपलीत गोटू. पोटात सहा दिवस अन्न नव्हतं, पण त्या प्रवासात मला जी भूक जाणवली ती माझी नव्हती.

डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं थांबवायचं औषध दिलं, आतडं चालू करायचं औषध दिलं, सिरिंजने पातळ खाणं भरवलं. गोटू वाचला. डॉक्टर म्हणाले, नुसत्या केसांना दोष देऊ नका. गवत कमी, बिस्किटं जास्त, त्याने आतडं आधीच मंद झालं होतं, केस त्यात अडकले. दोन्ही बाजू सांभाळा.

मी उपवास करत होते ते माझ्या इच्छेने. पच्चक्खाण घेऊन, पारण्याचा दिवस ठरवून. त्याने कुठलं पच्चक्खाण घेतलं होतं? त्याचं अन्न माझ्या दुर्लक्षाने बंद झालं होतं. याला तपस्या म्हणायचं नाही.

याला काय म्हणायचं, ते आपण प्रतिक्रमणात नेहमी म्हणतो. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार: बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपान-विच्छेद. आश्रित जीवाच्या अन्नपाण्यात खंड पाडणं हा पाचवा अतिचार. आपण तो बैलाच्या नाहीतर नोकराच्या संदर्भात ऐकतो आणि पुढे जातो. माझ्या घरी बैल नाही. माझ्या घरी ससा आहे. त्या वर्षी संवत्सरीला "मिच्छामि दुक्कडं" म्हणताना पहिल्यांदा मला नेमकं कळत होतं, मी कोणाची माफी मागते आहे.

मला ऐकवले जाणारे सल्ले

"निसर्ग बघून घेईल." रानातला ससा कोण विंचरतो, असं विचारतात. आपल्या माळरानावरचा ससा वेगळा. सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्याच्या बाजूला चिंकारांबरोबर तोही दिसतो. तो दिवसरात्र गवत चरतो, झुडपांतून पळतो, अंग घासतं, केस निघतात. पिंजऱ्यातल्या सशाला आपण ना गवत देतो, ना झुडूप, ना पळायला जागा. निसर्ग आपण काढून घेतला, मग निसर्गाचं काम कोणी करायचं?

"आंघोळ घाला, सगळे केस एकदम निघतील." कृपा करून घालू नका. सशाची आतली लव दाट असते, ती लवकर वाळत नाही. ओल्या अंगाने त्याला गारठा बसतो. घाबरून तो इतका तडफडतो की भीतीनेच प्राण जाऊ शकतो. त्याला उलटं, पाठीवर धरलं की तो निपचित पडतो. त्याचे फोटो काढून "किती मजेत झोपलाय" असं लिहितात. ती मजा नाही, ती शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या प्राण्याची भीती आहे.

"कात्रीने कापून टाका." सशाची कातडी पातळ असते. गुंता वर ओढला की कातडीही त्याबरोबर वर येते, आणि कात्री तिच्यावर चालते. छविच्छेद या शब्दात 'छवि' म्हणजे कातडीच. इथे हा अतिचार अक्षरशः घडतो. गुंता बोटांनी थोडा थोडा सोडवायचा, नाही सुटला तर डॉक्टरांकडे न्यायचा.

"पपई दे, अननसाचा रस दे, केस विरघळतात." विरघळत नाहीत. पोटात जाते ती नुसती साखर, आणि साखरेने आतडं आणखी बिघडतं. त्याला गवत हवं.

आणि सगळ्यात टोचलेला सल्ला: "आपले साधू-साध्वी लोच करतात, याचे चार केस ओढले तर काय झालं?" बाईसाहेब, लोच करणारा स्वतः तयार होऊन, स्वतःच्या देहावर करतो. दुसऱ्याचे केस त्याच्या इच्छेविरुद्ध उपटणं याला कुठल्याच शास्त्रात लोच म्हणत नाहीत.

सुटलेलं तेवढंच, पण रोज

मग काढायचे कसे? दिगंबर मुनींच्या पिच्छीकडे बघा. मोराने आपणहून टाकलेल्या पिसांची ती असते, मोराची उपटलेली नाही. माझा नियम तोच. जे सुटलंय तेवढंच घ्यायचं. जे अजून अंगाला धरून आहे ते त्याचं आहे.

सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दिवसाउजेडी दहा-पंधरा मिनिटं. स्वयंपाकघरापासून लांब, पंखा बंद करून. केस उडून ताटात जाऊ नयेत हा सासूबाईंचा आग्रह शंभर टक्के बरोबर आहे, त्यावर माझा वाद नाही. मी नाकातोंडाला ओढणी बांधते. खाली जमिनीवर बसते, मांडीवर जुना टॉवेल. उंचावर घेऊन बसायचं नाही. ससा मागच्या पायांनी इतक्या जोरात झटका देतो की पडून त्याचाच कणा मोडू शकतो. कान धरून तर कधीच उचलायचा नाही.

आधी ओल्या हाताने पाठीवरून हात फिरवायचा, निम्मे सुटे केस तळव्यालाच चिकटतात. मग मऊ रबरी ब्रश. शेवटी मोठ्या दातांचा कंगवा, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने. आपण पूंजणी फिरवतो ना, खाली एखादा जीव असेल असं समजून, तितक्याच हलक्या हाताने. वर आलेला पुंजका दोन बोटांनी अलगद उचलला तर येतो. येत नसेल तर उद्या येईल. कातडी वर उचलली गेली की थांबायचं. तो उठून निघाला तर जाऊ द्यायचं, पाच मिनिटांनी परत.

हात फिरवताना डोळे उघडे ठेवायचे. कुठे फोड आहे का, कुठे चट्टा पडलाय का, मागचा भाग ओला किंवा घाण आहे का. रोज लेंड्या बघायच्या: गोल, मोठ्या, सुट्या हव्यात. दहा-बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंडी झाली नाही, तर ओवा-बिवा करत सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा.

खाण्याचं म्हणाल तर वाळलेलं गवत मुख्य, दिवसभर समोर. आमच्याकडे बांधावरची हरळी वाळवून ठेवते, फवारणी नसलेल्या जागेची. लसूणघास मोठ्या सशाला चवीपुरता. आणि काहीजणी खोचकपणे विचारतात, "सशासाठी गाजरं आणता का घरात? कंदमूळ?" नाही आणत. सशाला गाजराची गरजच नसते. त्यात साखर जास्त, ते चित्रातच शोभतं. आहाराच्या बाबतीत तो आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा पक्का जैन आहे.

हे सगळं पाडव्याच्या आत उरकायचं दुसरं कारण आपला उन्हाळा. तापमान तिशीच्या वर गेलं की सशाला त्रास होतो, आणि दौंडचा वैशाख चाळिशीला टेकतो. थंडीची लव अंगावर राहिली तर त्याची अवस्था मे महिन्यात गोधडी पांघरून बसलेल्या माणसासारखी होते.

एक खरा पेच

एका प्रश्नापुढे मी अजून अडखळते. केस गळताना कधी मानेवर-पाठीवर पांढरा भुसा दिसतो आणि नीट पाहिलं तर तो हलतो. ते बारीक किडे असतात. औषध दिलं की ते मरणार. न दिलं तर ससा स्वतःला खाजवून रक्तबंबाळ होणार.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने मारायच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा सोडायची. संसार चालवताना होणारी बाकीची पूर्ण टळत नाही, ती कमीत कमी व्हावी म्हणून जपायचं. मी डॉक्टरांना विचारून औषध दिलं. (दुकानातून आपल्या मनाने आणू नका. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारं फिप्रोनिल सशाला घातक असतं.) मी दोषमुक्त आहे असं म्हणत नाही. एवढंच म्हणते की रोज कंगवा फिरला असता तर ते किडे चार असतानाच कळलं असतं, चारशे होईपर्यंत वाट बघावी लागली नसती. रोजची जयणा पुढची मोठी हिंसा वाचवते. आपण पाणी गाळतो ते याच हिशोबाने ना?

तीच शाल

केसांचा किळस करणाऱ्या एका नातेवाइकांनी कुलू-मनालीहून अंगोरा शाल आणली आणि लग्नात कौतुकाने पांघरली. अंगोरा लोकर म्हणजे सशाचेच केस. सोफ्यावर पडले तर घाण, आणि खांद्यावर आले तर श्रीमंती! कुलूकडच्या सशांचे केस कसे काढतात हे त्यांनी विचारलं नव्हतं. 2013 साली चीनमधल्या अंगोरा फार्मचं चित्रीकरण जगभर दाखवलं गेलं. त्यात जिवंत सशांचे केस ओरबाडून काढत होते आणि ससे किंचाळत होते. कधीही आवाज न करणारा प्राणी किंचाळतो, म्हणजे काय झालं असेल? त्यानंतर परदेशातल्या मोठमोठ्या कपडे कंपन्यांनी अंगोरा बंद केलं. ज्यांना अणुव्रत माहीत नाही त्यांनी बंद केलं. आपण रेशीम घेताना विचारतो. लोकर घेताना कधी विचारणार, सुटलेली की उपटलेली?

उसातलं अभयदान

आता काकीजींच्या पुण्याकडे येते. पाळीव ससा आपल्या माळावरचा नाही. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवलेला पांढराशुभ्र जीव कालव्यावरच्या हिरव्या उसात सोडला तर लांबूनही उठून दिसतो. मुंगूस आहे, मोकाट कुत्री आहेत, आणि शिरूर-दौंडच्या उसात बिबट्या आहे हे तर शाळेतली मुलंही सांगतील. पहिली रात्र निघणं कठीण. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवा. ज्या जीवाला भय म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्याला भयात सोडून येणं याला अभयदान कसं म्हणता?

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. माझी पुतणी म्हणाली, "काकी, पिंजऱ्यात ठेवणं हाच बंध नाही का? पाळायचाच कशाला?" बरोबर आहे तिचं. विकत घेऊ नका. वाढदिवसाला भेट देऊ नका. गोटूही एका घरातून असाच 'भेट' म्हणून निघाला आणि हौस फिटल्यावर आमच्याकडे आला. पिंजऱ्याचं दार आम्ही दिवसभर उघडं ठेवतो, तरी बंध तो बंधच, हे मी कबूल करते. पण आलेल्याचं काय? 'पाळणं चूक होतं' हे सांभाळणं टाळायचं कारण होऊ शकत नाही.

हत्तीनेही ससा विकत आणला नव्हता. तो आपणहून पायाखाली आला. हत्तीचं मोठेपण त्याला दया आली यात नाही, दया तर व्याख्यानात आपल्यालाही येते. मोठेपण हे की पाय दुखायला लागला, बधिर झाला, तरी त्याने तो खाली ठेवला नाही. अडीच दिवस.

आपल्याला मागितलाय रोजचा अर्धा तास आणि एक कंगवा.

काकीजी, पुढच्या वेळी याल तेव्हा सोफा झाडून ठेवते. जमलं तर दहा मिनिटं माझ्याजवळ बसा. एक ओला हात गोटूच्या पाठीवरून तुम्हीही फिरवा. या लेखात कठोर बोलले असेन तर मिच्छामि दुक्कडं.